आवाज कुठून गळतो, गिटार कशानं फुगते

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एकाच आठवड्यात दोन तक्रारी आल्या. पहिली सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर: "रात्री साडेनऊनंतर पाचव्या मजल्यावरून गिटारचा आवाज येतो. आमच्याकडे मुलांची सकाळी सातची शाळा असते." पाचव्या मजल्यावर गिटार एकाच घरात आहे. दुसरी तक्रार खुद्द गिटारची. तारा फ्रेटबोर्डपासून (मानेवरची, जिच्यावर बोटं दाबतो ती पट्टी) इतक्या वर गेल्या होत्या की बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायचा प्रकार, धरताना बोटं कळवळायला लागली. ब्रिजच्या, म्हणजे तारा पोटाशी जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, मागे तिचं पोट तव्यावरच्या पोळीसारखं वर आलं होतं.

पहिल्या तक्रारीवर मित्रांचा सल्ला होता, भिंतींना अंड्याचे ट्रे लाव. दुसरीवर, बुटाच्या खोक्यातली ती छोटी पुडी असते ना, ती गिटारच्या केसमध्ये टाक. हे दोन्ही उपाय घरोघरी चालतात आणि दोन्ही जवळजवळ बिनकामाचे आहेत. का, ते शोधताना लक्षात आलं की दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: हवा कुठून आत-बाहेर करते, आणि जाता-येता सोबत काय नेते-आणते.

घुमणं वेगळं, गळणं वेगळं

नव्या फ्लॅटचा ताबा घेतला की पहिल्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये आपण बोलतो आणि आवाज घुमतो. मग सोफा येतो, पडदे लागतात, गाद्या पडतात आणि घुमणं थांबतं. पण शेजारच्या घरातला मिक्सर? तो पहिल्या दिवशी जेवढा ऐकू यायचा तेवढाच नंतरही येतो.

म्हणजे इथे दोन वेगळी कामं आहेत. खोलीतल्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून घुमतो, तो मऊ वस्तूंनी शोषून घेता येतो. या कामाला अकॉस्टिक ट्रीटमेंट म्हणतात. आवाज भिंतीपलीकडे जाऊ न देणं हे दुसरं काम, ते म्हणजे साउंडप्रूफिंग. बाजारात पहिल्या कामाचा माल दुसऱ्या कामाच्या नावानं सर्रास विकला जातो. पिरॅमिडच्या आकाराचा करडा फोम हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय.

त्याची परीक्षा सोपी आहे. फोमचा तुकडा तोंडाला लावून फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या हाताला वारा लागला, तर आवाजालाही तीच वाट मोकळी आहे. फोमच्या आतली छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. आवाजाची लाट त्यातून जाताना थोडी दमते आणि परतताना आणखी दमते, म्हणून घुमणं कमी होतं. पण दमणं म्हणजे अडणं नव्हे.

मग अंड्याचे ट्रे?

ट्रे म्हणजे कागदाच्या लगद्याचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पापुद्रा. त्याला वजन नाही, जाडी नाही. त्याच्या खळग्यांमुळे टाळीचा किंवा 'स'काराचा तीक्ष्ण आवाज थोडा विखुरतो, आणि आत बसलेल्या माणसाला वाटतं, वा, खोली शांत झाली. खालच्या मजल्यावर काहीही फरक पडत नाही. वर खोलीभर सुका कागद चिकटवून त्याच्या शेजारीच ॲम्प्लिफायरची वायर नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. झुरळांना आवडतं, ते वेगळंच.

जाड, म्हणजे खर्जातल्या आवाजाचं गणित तर आणखी अवघड. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर धावतो, म्हणजे या सुराची एकेक लाट ४ मीटरहून लांब. आपली दहा बाय दहाची खोली ३ मीटरची! एवढ्या लांब लाटेला दोन इंची फोम म्हणजे समुद्राच्या लाटेपुढे वाळूचा बांध. तो फक्त बारीक, म्हणजे चढ्या सुराचा आवाज खातो आणि जाड आवाज तसाच ठेवतो. म्हणून फोमनं मढवलेल्या खोल्यांमध्ये गिटार बहुतेक वेळा गोधडीखाली वाजवल्यासारखी लागते.

किती आवाज, किती भिंत

आता एकच मोजमाप समजून घ्या. आवाजाची ताकद डेसिबलमध्ये मोजतात, पण ही मोजपट्टी गुणाकारानं चढते. १० डेसिबल वाढले की ताकद दहापट होते, कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट वाटतो. रात्रीची शांत बेडरूम ३० च्या आसपास, गप्पा ६०, हातानं वाजवलेली साधी गिटार ८० च्या आगेमागे, ड्रमसेट १०० च्या वर.

भिंत यातून वजाबाकी करते. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली साडेचार इंची विटांची भिंत साधारण ४५ डेसिबल अडवते. गिटारचे ८० वजा ४५ म्हणजे शेजाऱ्याकडे ३५ उरले: कान देऊन ऐकलं तर कळेल इतकं. ड्रमचे १०५ असतील तर ६० उरले, म्हणजे शेजाऱ्याच्या खोलीत कुणीतरी अखंड गप्पा मारत बसल्यासारखं.

भिंत अडवते ती वजनाच्या जोरावर. जड वस्तू हलवायला जास्त ताकद लागते, एवढंच त्यामागचं शास्त्र. दर चौरस मीटरमागचं वजन दुप्पट केलं तर जेमतेम ५-६ डेसिबल जास्त अडतात. म्हणून नव्या इमारतींमधल्या हलक्या ब्लॉकच्या भिंती, ज्यांना मिस्त्री लोक सरसकट सिपोरेक्स म्हणतात, तेवढ्याच जाडीच्या विटांच्या भिंतीपेक्षा कमी आवाज अडवतात.

इथे माझं कोडं अधिकच वाढलं. तक्रार होती खालच्या मजल्यावरून. आमच्यामध्ये पाच इंची काँक्रीटचा स्लॅब, विटांच्या भिंतीहून जड. तो ५० च्या आसपास अडवत असणार. मग खालच्या काकांना गिटार ऐकू येते कशी?

मच्छरदाणीला एकच भोक

मच्छरदाणी कितीही चांगली घ्या, कोपऱ्यात रुपयाएवढं भोक असेल तर रात्रभर टाळ्या वाजवाव्या लागतात. आवाजाचं अगदी तसंच आहे.

हिशोब करून पाहू. दहा बाय दहा फुटांची भिंत म्हणजे १०० चौरस फूट. त्यात तीन फूट रुंद दार, आणि दाराखाली अर्ध्या इंचाची फट. फटीचं क्षेत्रफळ झालं एक अष्टमांश चौरस फूट, म्हणजे संपूर्ण भिंतीच्या ०.१२५ टक्के. पण तेवढ्या उघड्या जागेतून जाणारा आवाजच इतका असतो की बाकी सगळी भिंत चिलखताची असली तरी एकूण अडवणूक २९ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. ४५ ची भिंत, आणि फटीनं तिला आणलं २९ वर! शिवाय दार स्वतः पोकळ फ्लश डोअर असेल तर ते आणखी खाली ओढतं. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचंही तेच. त्यांच्या रुळांत कायम हवेला वाट असते. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक, दोन घरांच्या भिंतीत पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड, पंख्याच्या वायरची नळी, या सगळ्या वाटा पाहा.

म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च दाराचा. भरीव दार, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी पट्टी, आणि खाली दार बंद झाल्यावर जमिनीला टेकणारी पट्टी. मग खिडकी: सरकणारीऐवजी दाबून बंद होणारी, चौफेर रबर असलेली. भिंत सगळ्यात शेवटी. लोक बरोबर उलट्या क्रमानं करतात, कारण भिंत समोर दिसते.

पायाचा ताल कोण ऐकतं?

हवेतून जाणारा आवाज झाला, पण एक दुसरा मार्गही असतो. वाजवताना मी टाचेनं ताल धरतो, थेट टाइल्सवर. ती टाच हवेला नव्हे, स्लॅबलाच ठोकत असते, आणि काँक्रीट तो हादरा इमानेइतबारे खाली पोचवतं. वरच्या मजल्यावर कुणी खलबत्त्यात वेलदोडे कुटले तर आपल्याला कळतं, ते असंच. ॲम्प्लिफायर थेट जमिनीवर ठेवला किंवा ड्रमचं पेडल मारलं की हेच होतं.

हादऱ्याला वजन थांबवत नाही, मऊपणा थांबवतो. पायाखाली जाड रबरी मॅट आणि तिच्यावर सतरंजी, ॲम्प रबरी पायांच्या स्टँडवर. तबलजी गादीवर बसतात, तबल्याखाली कापडाची चुंबळ असते. तिचं काम तबला नीट बसवणं हे खरं, पण खालच्या शेजाऱ्यांवर तिचे आपोआप उपकार होतात.

खोलीत खोली बांधली तर?

स्टुडिओवाले हेच करतात. थर्मास आठवा: आतली बाटली बाहेरच्या बाटलीला मानेखेरीज कुठे टेकत नाही, म्हणून उष्णता ओलांडत नाही. तसंच जुन्या भिंतीपासून सुटी चौकट, तिच्यावर जिप्सम बोर्डाचे दोन थर, मधल्या पोकळीत ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस. इथे मऊ माल उपयोगी पडतो, कारण तो पोकळीत घुमणारा आवाज मारतो. पण एक स्क्रू जरी आतल्या चौकटीतून जुन्या भिंतीत गेला तरी थर्मासला तडा गेला समजा.

ड्रम वाजवणार असाल तर याला पर्याय नाही. गिटारसाठी मला हे अती वाटतं. चारी बाजूंनी सहा-सहा इंच जातात आणि दहा फुटांची खोली नऊ फुटांची होते. आणि फ्लॅटमध्ये कुणी "खाली तीन इंच काँक्रीट ओतून तरंगती जमीन करू" म्हणालं तर त्याला आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे पाठवा. घरगुती खोलीचा स्लॅब माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरून काढलेला असतो. तीन इंची काँक्रीटच १८० किलो होतं.

"दहाच्या आत आहे की!"

हे मीही म्हणालो होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५, आणि घरातल्या वाद्याचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. म्हणजे दहा वाजेपर्यंत काय वाट्टेल ते चालतं, हा समज चुकीचा आहे. माझी गिटार या हिशोबात बसत होती. कायदा माझ्या बाजूनं होता, शेजारी नव्हते. रोज लिफ्टमध्ये भेटायचं कायद्याशी नसतं.

हेडफोन लावून वाजव, असाही सल्ला मिळतो. इलेक्ट्रिक गिटारला तो उत्तम आहे, लाकडी गिटारला तो लागू नाही. तिचा ॲम्प तिच्या पोटातच असतो.

आता त्या पोटाविषयी

लाकूड झाडावरून उतरलं तरी पाणी पिणं सोडत नाही. हवेतला दमटपणा वाढला की ते फुगतं, कमी झाला की आक्रसतं. पावसाळ्यात घराची दारं चौकटीत अडकतात, ते यामुळेच.

दमटपणा टक्क्यांत सांगतात: त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आत्ता आहे. गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवतात. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हा आकडा वीस-पंचविसावर येतो, जुलैत ऐंशीच्या वर जातो. मुंबई-कोकणात तो पावसाळाभर वरच असतो.

हे मोजायचं यंत्र प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. मीठ साधारण ७५ टक्क्यांच्या वर हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं, खडे मीठ त्याच्याही आधी. मिठाच्या बरणीला पाणी सुटलं की समजा, गिटारचे वाईट दिवस सुरू झाले. हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजायचा मीटर, घेतलात तर तोही मिठानंच तपासता येतो: बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ, शेजारी मीटर, दोन्ही घट्ट बंद पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ दाखवलं तर मीटर खरा.

लाकूड रेषांच्या दिशेनं फारसं वाढत नाही, आडवं वाढतं. गिटारची पुढची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची, कडांना चिकटवलेली. तिला आडवं वाढायचंय आणि जागा नाही, म्हणून ती वर फुगते. ब्रिज वर उचलला जातो, तारा उंचावतात. त्यात सहा स्टीलच्या तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण. अख्खा माणूस लोंबकळतोय असं समजा. उन्हाळ्यात उलट होतं: फळी खाली बसते, तारा फ्रेटला घासून झणझणतात, फ्रेटबोर्ड आक्रसून फ्रेटची टोकं हाताला टोचतात, आणि फारच झालं तर फळीला चीर जाते. फुगवटा बऱ्याचदा ओसरतो, चीर भरून येत नाही. म्हणून मला जुलैपेक्षा एप्रिलची जास्त भीती वाटते. बहुतेक जण मात्र पावसाळ्यातच जागे होतात.

पुडीनं का भागत नाही

५० टक्के हवेत लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी असतं, ८० टक्क्यांत १६. गिटारचं दीड-दोन किलो लाकूड धरलं तर पावसाळाभरात ती शंभरेक ग्रॅम पाणी पिऊ शकते. पॉलिशमुळे वेग कमी होतो, पण आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे. बुटाच्या खोक्यातली पाच ग्रॅमची सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाव हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा पाणी धरते. म्हणजे सव्वा ते पावणेदोन ग्रॅम. घागर ओसंडतेय आणि आपण पळी घेऊन उभे.

खरं काम केस करते. चांगली बसणारी कडक केस म्हणजे गिटारची दाराखाली फट नसलेली खोली. हवा बदलतच नसेल तर आतल्या थोड्याशा वाफेचा बंदोबस्त शंभर-दोनशे ग्रॅम सिलिका करू शकते. ती रंग बदलणारी घ्यावी, आणि भरली की ओव्हनमध्ये सुकवून परत वापरावी. पण सिलिकाला थांबायचं कुठे ते कळत नाही. ऑक्टोबरनंतर ती केसमध्ये राहिली तर गिटारला वाळवत नेते. दोन्हीकडून काम करणाऱ्या, दमटपणा वाढला की शोषणाऱ्या आणि घटला की सोडणाऱ्या पुड्या मिळतात. महाग आहेत, पण विसरभोळ्यांसाठी त्याच बऱ्या.

आपल्याकडे तानपुऱ्याला गवसणी घालायची रीत आहे. कापडाची गवसणी धूळ आणि धक्का अडवते, पण कापड श्वास घेतं. गिटारची पातळ बॅगही तशीच गवसणी. वाहून न्यायला ठीक, चार महिने ठेवायला नाही.

"आमच्याकडे एसी आहे"

एसी हवेतलं पाणी काढतो हे खरं. बाहेर ठिबकणारी नळी त्याचाच पुरावा. पण तो रात्री चालतो आणि सकाळी बंद होतो. खिडकी उघडली की तासाभरात दमटपणा परत ऐंशीवर. एसीच्या गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर धुकं धरतं, गिटारच्या थंड तारांवर आणि फळीवर तसंच होतं. रोज असे दोन हेलकावे देण्यापेक्षा ती कायम ६० टक्क्यांत केसमध्ये पडून राहिलेली परवडते.

आणि आता दोन्ही तक्रारी एकमेकींना भिडतात. आवाजासाठी आपण खोलीची प्रत्येक फट बुजवली. आत साधारण २७ घनमीटर हवा. २८ अंशांना ती हवा पूर्ण भरली तरी पाऊण लिटरहून कमी पाणी धरते. शांत बसलेला माणूसही श्वासातून आणि घामातून तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी सोडतो. चार मित्र तासभर वाजवत बसले की २०० ग्रॅम झाले, म्हणजे मीटर पंचवीस-तीस टक्के चढायला पुरेसे. काही भाग भिंती आणि फोम पितात, आणि ओल असलेल्या बाहेरच्या भिंतीवर चिकटवलेल्या फोममागे मग काळी बुरशी फुलते. साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, तीच ती फिरवतो. तासाभरानं पेंग येते ती गाण्यामुळे नव्हे.

त्यामुळे पक्की बंद खोली करायचीच असेल तर हवेसाठी मुद्दाम वाट ठेवावी लागते: दोन-तीन वळणं घेणारा, आतून मऊ अस्तर लावलेला डक्ट. हवा वळते, आवाज प्रत्येक वळणावर अस्तरात मरतो. आणि वाजवणं संपलं की पंधरा मिनिटं दार सताड उघडं.

ठेवायची कुठे

भिंतीवर टांगलेली गिटार छान दिसते आणि जास्त वाजवली जाते, हा मोठा फायदा आहे. फक्त ती आतल्या भिंतीवर असावी. पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नाही, एसीच्या झोतात नाही, देवघराच्या समईवर नाही. माळ्यावर मे महिन्यात भट्टी होते. बंद गाडीत तर दुपारभरही ठेवू नये, डिंक मऊ पडतो. जुन्या पद्धतीचं नायट्रोसेल्युलोज पॉलिश असेल तर स्टँडच्या रबरातल्या रसायनानं ते खराब होऊन चिकटतं, मध्ये सुती फडकं बांधावं. महिनोन्महिने वाजवणार नसाल तर तारा एक-दोन स्वर उतरवा, पार सैल सोडू नका. नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, आतली सळई त्या ताणाशी तोल धरून बसवलेली असते.

भाड्याचं घर असेल तर?

तर दाराची पट्टी, जाड मॅट, पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट शेजाऱ्याच्या भिंतीला, आणि एक कडक केस. हे सगळं घर सोडताना बरोबर नेता येतं.

पण त्याआधी एक काम करा, जे मी सगळ्यात शेवटी केलं. घरातल्या कुणाला तरी तुमच्या जागी बसवून वाजवायला सांगा आणि शेजाऱ्याकडे जाऊन उभे राहा. मी खालच्या काकांकडे गेलो, वर माझा भाचा वाजवत होता. त्यांच्या बेडरूममध्ये काहीच नाही. छताला कान लावावा म्हणून स्टूल मागितलं, तर काकू म्हणाल्या, "तिथे नाही हो, इकडे या." त्यांच्या बाथरूममध्ये गिटार स्वच्छ, सूरन् सूर ऐकू येत होती. माझ्या खोलीला लागून असलेल्या बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची झडप इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, उघडते, त्यांचीही उघडते. पाच इंची स्लॅबला वळसा घालून आवाज त्या वाटेनं जिना उतरल्यासारखा खाली जात होता. आणि माझ्या खोलीतला दमटपणा वर येत होता तोही तिथूनच. गिटार नेमकी त्या बाथरूमच्या दाराशेजारी टांगलेली होती.